वरचा कस, आतला कस: अँग्लो-सॅक्सन सोनारकाम कसं तपासतात

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर होर्डच्या, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातल्या (मध्ययुगाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या) सोन्याचांदीच्या पुरलेल्या साठ्याच्या, अभ्यासात एकाच वस्तूच्या एकाच भागाच्या सोन्याचे दोन आकडे दिलेले दिसतात, एक पृष्ठभागाचा आणि एक गाभ्याचा. दोन्हींत बराच फरक असतो. खरा कस कोणता मानायचा? सराफाच्या पेढीवर असतं तसं कॅरेट मोजायचं यंत्र लावून हे काम होत नाही का? आणि सातव्या शतकातल्या सोनाराकडे तार ओढायचं जंतर (बारीक भोकांची पट्टी) नव्हतं, हे तार पाहून कसं ठरवतात?

धातूची किंमत किंवा काळ काढायचा असेल तर गाभ्याचा आकडा घ्या. सोनाराच्या मनात काय होतं ते समजून घ्यायचं असेल तर दोन्ही घ्या, कारण फरक हीच खरी माहिती आहे.

आधी वस्तूंबद्दल थोडं. हा साठा जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या हॅमरविच गावाजवळच्या शेतात सापडला. सुमारे ४,६०० तुकडे, त्यांत जवळजवळ ४ किलो सोनं आणि १.७ किलो चांदी. बहुतेक वस्तू तलवारीच्या मुठींवरून उपटून काढलेल्या: मुठीच्या टोकाच्या टोप्या, कडी, पट्ट्या. बायकांचे दागिने जवळपास नाहीतच. दुसरा मोठा संच पूर्व इंग्लंडमधल्या सटन हू इथला, १९३९ मध्ये उकरलेल्या जहाज-दफनातला, जो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातला ४१२.७ ग्रॅमचा सोन्याचा बक्कल, खांद्यावरच्या चापांची जोडी आणि पैशांच्या थैलीचं झाकण या कारागिरीचे सर्वोत्तम नमुने मानले जातात. दोन्ही संचांतलं बरंचसं काम इसवी सन ६०० च्या आगेमागे आणि सातव्या शतकाच्या पूर्वार्धातलं आहे.

सोनं तिथलं नव्हतं. बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याची सॉलिडस नाणी (सुमारे ४.५ ग्रॅमची) फ्रँक राज्यांत, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, यायची, तिथे ती वितळून ट्रेमिसिस ही सुमारे १.३ ग्रॅमची छोटी नाणी पडायची, आणि तीच इंग्लंडमध्ये पुन्हा मुशीत जायची. सटन हूच्या थैलीत अशी ३७ नाणी होती, सोबत तीन कोऱ्या चकत्या आणि दोन छोट्या लगडी. सातव्या शतकात या नाण्यांचा कस दशकागणिक उतरत गेला आणि चांदीचं हीण वाढत गेलं. त्यामुळे दागिन्याचा कस कळला की तो साधारण कधीच्या धातूतून घडवला याचा अंदाज करता येईल, अशी आशा अभ्यासकांना फार पूर्वीपासून होती. ती आशा पृष्ठभागाच्या आकड्यांनी धुळीला मिळवली.

आता यंत्राकडे येऊ. पेढीवरचं यंत्र एक्सआरएफ तत्त्वावर चालतं: क्ष-किरण टाकायचे, धातूतून परत येणारे ठरावीक ऊर्जेचे किरण, म्हणजे त्या धातूच्या ‘रेषा’, मोजायचे. अडचण अशी की सोनं हा क्ष-किरण फार पटकन गिळणारा धातू आहे. सोन्याची ९.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा जेमतेम वरच्या काही मायक्रॉनमधून बाहेर पडते. चांदीची २२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा त्याहून थोडी खोलून येते, पण तीही दहा-पंधरा मायक्रॉनच्या आसपास दमते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आजचं साच्यातलं किंवा नवं कापलेलं सोनं आतबाहेर सारखं असतं, म्हणून पेढीवर हे चालून जातं. तेराशे वर्षं जमिनीत राहिलेल्या आणि घडवतानाच पृष्ठभाग बदललेल्या वस्तूवर तेच यंत्र थर आणि गाभा यांची खिचडी करून एक आकडा देतं, जो कुठल्याच धातूचा नसतो. कसोटीवर घासण्याआधी कड थोडी कानशीनं काढून घेण्यामागेही हेच शहाणपण आहे.

त्यातही एक उपयोगी युक्ती आहे. चांदीची आणखी एक रेषा ३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ येते, आणि ती एका मायक्रॉनहूनही कमी खोलीतून येते. दोन्ही रेषांवरून चांदीचं प्रमाण वेगवेगळं काढा. एकजिनसी धातूत दोन्ही उत्तरं जुळतील. उथळ रेषा कमी चांदी आणि खोल रेषा जास्त चांदी सांगत असेल, तर वर सोनं दाटलेलं आहे. यावरून थराची जाडी नेमकी मिळत नाही, पण ‘या आकड्यावर विश्वास ठेवू नका’ असा इशारा नक्की मिळतो.

जुनी पद्धत वजनाची: हवेत तोलायचं, द्रवात तोलायचं, घनता काढायची. नाण्यांसाठी ती अजूनही चांगली आहे, कारण ती सगळ्या धातूची सरासरी देते. मर्यादा मात्र हिशेबात दिसते. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६. ८५ टक्के सोनं आणि १५ टक्के चांदी असेल तर मिश्रणाची घनता सुमारे १७.१ येते. तेच १५ टक्के तांबं असेल तर १६.५ च्या थोडी खाली. म्हणजे हीण कशाचं आहे हे माहीत नसताना घनतेवरून कस काढला तर चार-पाच टक्क्यांची चूक सहज होते. शिवाय खड्यांच्या वस्तूला ही पद्धत लागू पडत नाही, कारण आत मेण, खडू, खडे आणि हवा सगळंच असतं.

म्हणून होर्डवर काम करताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं विश्लेषक (एसईएम-ईडीएक्स) वापरलं गेलं. त्याची खोली सोन्यात जेमतेम एक मायक्रॉन. ऐकायला हा तोटा वाटतो, पण इथे तोच फायदा आहे: जिथे बघताय तिथलंच उत्तर मिळतं. आधी न छेडलेला पृष्ठभाग मोजायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली, नजरेत न भरणाऱ्या जागी, मिलिमीटरभराहून लहान ठिकाण पात्यानं खरवडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा स्थिर होईपर्यंत खरवडत जायचं. दोन लागोपाठ मोजण्यांत चांदीचं प्रमाण वाढत असेल तर तुम्ही अजून थरातच आहात. होर्डच्या वस्तू मुळातच उपटलेल्या आणि वाकलेल्या असल्यानं ओरखडे आणि फाटलेल्या कडा तयारच होत्या. तरी फाटलेल्या कडेवर वरचा मऊ थर आत फासला गेलेला असू शकतो, म्हणून तीही साफ करून घ्यावी लागते.

आकडे फसवतात ती ठिकाणं ठरलेली आहेत. डाखाच्या (भाग जोडायला वितळवलेल्या धातूच्या) सांध्याजवळ मोजलं की तांबं वाढतं. वाकड्या पृष्ठभागावर किरण तिरपे निघतात आणि प्रमाणं सरकतात. खाचांत राहिलेली माती लोह आणि सिलिकॉन दाखवते, आणि एकूण शंभर टक्के करताना सोनं कमी भासतं. संवर्धकानं लावलेला राळेचा थर कमी ऊर्जेच्या रेषा गिळतो. होर्डची माती काढताना धातूची सुई न वापरता झाडांचे काटे वापरले गेले, ते याच कारणानं: पोलादी टोकाचा एक ओरखडा पुढच्या सगळ्या निरीक्षणांत ‘सातव्या शतकातली खूण’ म्हणून घुसू शकतो. आणि प्रमाण-नमुने हवेतच: सोनं-चांदी-तांब्याच्या ज्ञात मिश्रणांचे सपाट, चकचकीत तुकडे, रोज कामाआधी आणि नंतर मोजलेले.

या मोजण्यांतून होर्डबद्दल जे पुढे आलं ते खरोखर अनपेक्षित होतं. अनेक वस्तूंच्या पृष्ठभागावर सोन्याचं प्रमाण गाभ्याहून स्पष्टपणे जास्त होतं, आणि कमी झालेली होती ती मुख्यतः चांदी. तांबं जाणं सोपं आहे. सोनं तापवलं की तांबं पृष्ठभागावर जळतं आणि आंबटात धुतलं की निघून जातं. प्रत्येक सोनाराच्या हातून हे नकळत होत असतं. चांदी तशी जात नाही. तिला मुद्दाम काढावं लागतं.

काढायची रीत खारांची. मीठ आणि विटेची पूड यांत पत्रा पुरून बंद भांड्यात, सोन्याच्या वितळबिंदूच्या (१०६४ अंश सेल्सिअस) बऱ्याच खाली, साधारण ६०० ते ८०० अंशांत तापवला की मिठातलं क्लोरीन चांदीला पकडतं, तिचं क्लोराइड होतं आणि ते विटेच्या पुडीत शोषलं जातं. हेच तासन्‌तास आणि पातळ पत्र्यावर केलं तर आरपार शुद्ध सोनं मिळतं. थोडा वेळ केलं तर फक्त साल शुद्ध होते. तुरटीसारख्या खारांचे लेपही चांदी ओढून काढतात. आपल्याकडच्या सोनारांना मीठ, तुरटी आणि सोरा यांच्या लेपानं दागिन्याचा रंग काढणं चांगलंच ठाऊक होतं. अँग्लो-सॅक्सन सोनारानं नेमका कोणता खार वापरला हे पृष्ठभागावरून सांगता येत नाही, कारण सगळ्या रीतींचा परिणाम सारखाच दिसतो: सच्छिद्र, निस्तेज, तपकिरी झाक असलेला पृष्ठभाग. तो ओपणीनं (चकाकी आणायच्या गुळगुळीत हत्यारानं) घासून बसवला की बावनकशी सोन्यासारखा पिवळा दिसतो.

मातीनंही चांदी काढली असेल, हा आक्षेप रास्त आहे. जमिनीतले क्लोराइड हे काम संथपणे करतातच. उत्तर एका आकड्यात नाही, जागांच्या तुलनेत आहे. पत्र्याची पुढची बाजू सोन्यानं समृद्ध आणि मागची नाही. पत्रा समृद्ध आणि त्यावरच डाखलेली तार नाही. खाचेत थर शाबूत आणि बोटं लागून झिजलेल्या कडेवर गायब. माती अशी निवड करत नाही. ती पुढची आणि मागची, तार आणि पत्रा, सगळ्यांना सारखंच खाते. मुख्य म्हणजे, यातून सोनाराचा हेतू दिसतो. गडद पिवळ्या जमिनीवर किंचित फिकट तारेची नक्षी उठून दिसावी म्हणून त्यानं रंगांत फरक ठेवला. याला ‘हलक्या सोन्याला भारी भासवणं’ म्हणणं मला उथळ वाटतं. फसवायचंच असतं तर त्यानं तारही रंगवली असती.

यात एक तांत्रिक पेच आहे, तो लक्षात घेण्यासारखा आहे. तार डाखताना वस्तू पुन्हा ८०० अंशांच्या वर जाते. त्या तापमानाला चांदीचे अणू गाभ्यातून वर सरकतात, आणि काही मिनिटांत काही मायक्रॉनचं अंतर पार करतात. म्हणजे सावकाश डाखलं तर आधी मिळवलेली साल पुसट होते. आच पटकन आणि नेमकी द्यावी लागते, फुंकणीवर ताबा लागतो. जिथे पत्र्यावरची साल सांध्याजवळ पातळ होत गेलेली दिसते तिथे हेच घडलेलं असू शकतं.

तारेकडे वळू. जंतरातून ओढलेल्या तारेवर लांबीच्या दिशेनं सरळ समांतर चरे पडतात, कारण भोकातला प्रत्येक खडबडीतपणा संपूर्ण तारेवर रेघ ओढत जातो. या काळातल्या तारांवर ते दिसत नाहीत. दिसते ती तारेभोवती मळसूत्रासारखी फिरणारी शीव. पत्र्याची अरुंद पट्टी कापायची, पीळ द्यायचा, आणि दोन सपाट फळ्यांमध्ये लोळवून घट्ट गोल करायची. कागदाची सुरळी पिळावी तसं. पीळ नीट बसला नसेल तर मध्ये पोकळी राहते, आणि तार तुटलेल्या जागी ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. जाड तारा मात्र घनरूपात ठोकून आणि लोळवून केलेल्या असतात. त्यांवर पैलू उरतात.

यांच्या कामाचा खरा प्राण म्हणजे मणीदार तार, जी लांबून रव्यांच्या माळेसारखी दिसते आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असू शकते. ती मणी जोडून केलेली नसते. साधी गोल तार पाटावर ठेवून तिच्यावर धारदार कडेचं किंवा खाचा असलेलं हत्यार दाबून पुढेमागे लोळवतात. तार फिरत राहते आणि दाबलेल्या जागी कंबर पडते. हत्यार एकधारी होतं की अनेक खाचांचं, हे ओळखायला मण्यांची अंतरं मोजावीत. एकधारीत अंतर हातानुसार सरकतं, कधी दोन मणी चिकटतात, कधी एक लांबट राहतो. खाचांच्या हत्यारात एका खाचेत दोष असेल तर तोच दोष ठरावीक मण्यांनंतर पुन्हा पुन्हा येतो. अशा दोषांचा क्रम जुळला तर दोन वस्तूंवरची तार एकाच हत्यारानं केली असण्याचा संशय घेता येतो, पण त्यासाठी बरीच लांब तार शाबूत हवी. जास्त दाबलं तर तार कंबरेतच तुटते; न तापवता दाबत राहिलं की सोनं कडक होतं, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावं लागतं. न तापवल्याच्या खुणा म्हणजे मण्यांच्या कंबरेतल्या बारीक भेगा.

डाख कोणता होता, हे सांध्यावरून आडवी रेघ धरून मोजत गेलं की कळतं. दोन शक्यता असतात. एक, जास्त हिणाचं सोनं बारीक कापून सांध्यावर ठेवलेलं. मग सांध्यात चांदी आणि तांबं दोन्ही वाढतात, आणि मण्यांच्या खाचांत धातूचं छोटं डबकं दिसतं. दुसरी रीत अधिक नाजूक. मॅलाकाइटसारखा तांब्याचा हिरवा खार सरसात कालवून तार चिकटवायची आणि तापवायचं. सरस जळून कोळसा होतो, तो खारातून तांबं मोकळं करतो, आणि ते तांबं सोन्याशी मिळून सांध्यापुरतं वितळतं. सोनं-तांब्याचं मिश्रण ८० टक्के सोन्याच्या आसपास ९०० अंशांच्या थोडं वर वितळतं, म्हणजे शुद्ध सोन्याहून दीडशे अंश खाली. चांदी असेल तर आणखी खाली. अशा सांध्यात फक्त तांबं किंचित वाढलेलं दिसतं आणि जादा धातू नसल्यानं मणी कोरडे, सुटे राहतात. नंतर तांबं सोन्यात पसरतं आणि सांध्याचा वितळबिंदू चढतो, त्यामुळे शेजारी दुसरा डाख देताना पहिला सुटत नाही. चूक झाली तर ती क्रूर असते. बारीक तार खालच्या पत्र्याआधी तापते आणि पाच-दहा अंशांच्या फरकानं गोळा होऊन बसते. होर्डमध्येही अशा वितळलेल्या टोकांच्या तारा आहेत. मोठे कारागीरही चुकत.

खड्यांचं काम आपल्या कोंदणासारखं दिसतं, पण रीत उलट आहे. आपल्या कोंदणात शुद्ध सोन्याचा मऊ पत्रा खड्याभोवती दाबून बसवतात. खडा सोन्याला आकार देतो. इथे आधी सोन्याच्या उभ्या पट्ट्या तळपत्र्यावर डाखून खाने उभे करतात आणि खडा त्या खान्याच्या मापानं घासतात. पायऱ्यांच्या आणि छत्रीच्या आकाराचे गार्नेट (लाल खडे) असे शेजारी बसवलेले आहेत की मध्ये फक्त सोन्याची रेघ दिसते. गार्नेटची कठिणता ७ च्या आसपास. त्यामुळे कुरुंदासारख्या अधिक कठीण पुडीनंच ते घासता येतात. पातळ, सुमारे मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या लागतात, नाहीतर लाल रंग काळा पडतो, कारण प्रकाश खड्यातून दोनदा जातो, आत जाताना आणि परत येताना. परत यावा म्हणून खाली सोन्याचा बेगड असतो. त्यावर काश्याच्या ठशानं जाळी उठवलेली, मिलिमीटरला तीन-चार रेघा. सपाट बेगड एकाच कोनातून चमकतो. जाळीचा प्रत्येक उतार वेगळ्या दिशेला उजेड फेकतो, म्हणून वस्तू हलली की निखारा हलल्यासारखा भास होतो. नेदरलंड्समधल्या वाइनाल्डम इथे असा एक ठसा सापडलेला आहे.

बेगडाच्या खाली पोकळी भरायला लेप. होर्डमधल्या लेपांत मेण, प्राणिज सरस आणि खडू यांचे पुरावे मिळाले आहेत. इथून कामाचा क्रम आपोआप सिद्ध होतो. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि गार्नेटला अचानक आच लागली तर तडे जातात, म्हणून सगळं डाखकाम, रंगकाम, धुणं झाल्यावर शेवटी खडे बसवायचे. खड्यांशेजारी डाखाची नंतरची डागडुजी दिसली तर त्या बाजूचे खडे काढून पुन्हा बसवले असणार, हे गृहीत धरून तपास करा. बेगडाचा कस मात्र खड्यातून मोजायचा प्रयत्न करू नका. मिलिमीटरभर गार्नेट सोन्याची रेषा पूर्ण गिळतो, आणि पडद्यावर जे सोनं दिसतं ते खान्याच्या भिंतीचं असतं. जाळीच्या रेघा मात्र तिरक्या उजेडात खड्यातूनच मोजता येतात.

मराठीत ज्याला तामडा म्हणतात तोच हा गार्नेट, आणि इथे भारताचा संबंध खरा आहे. गार्नेटमधलं लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सूक्ष्म प्रमाणातलं क्रोमियम, इट्रियम मोजलं की खाण-प्रदेश वेगळे पडतात. या पद्धतीनं, विशेषतः पॅरिसमधल्या कणत्वरकावरच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावरच्या) कामातून, त्या काळातल्या युरोपीय गार्नेटचे गट पडले. लोहप्रधान अल्मंडाइन जातीच्या गार्नेटचे दोन मोठे गट भारताकडे निर्देश करतात, एक श्रीलंकेकडे, आणि क्रोमियम असलेले छोटे पायरोप जातीचे गार्नेट बोहेमियाकडे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाकडे. सातव्या शतकात मोठ्या भारतीय चकत्या कमी होतात आणि लहान बोहेमियन खडे वाढतात. म्हणून त्या काळाच्या उत्तरार्धातल्या कामात खाने बारीक होतात किंवा जुने खडे काढून पुन्हा वापरलेले दिसतात. तेलंगणातल्या कोत्तागुडेमजवळच्या गरीबपेटच्या साठ्याशी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या प्राचीन बंदरातले गार्नेट जुळतात, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. युरोपातल्या प्रत्येक भारतीय गार्नेटला ती खाण लावून टाकू नये, राजस्थानातही गार्नेट आहे. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मास कावेरीच्या मुखावरच्या बंदरातून ‘अलाबंदेनम’ जात असल्याचं लिहितो, आणि तो खडा बहुधा गार्नेटच. आपलं कल्याणही त्याच्या यादीत आहे, पण तांबं, लाकूड आणि कापड यांसाठी.

लिंकनशरमधल्या टॅटरशॉल थॉर्प इथे एका धातुकारागिराचं सातव्या शतकातलं दफन मिळालं: हातोडे, सांडशी, कात्री, ऐरण आणि मोडके गार्नेट. मोडके खडे जपून ठेवणारा हा माणूस कच्चा माल दुर्मिळ झाल्याचं रासायनिक आकड्यांइतकंच स्पष्ट सांगतो.

शेवटी काळाबद्दल. गाभ्याचा कस हाती आल्यावरही ‘इतके टक्के सोनं म्हणजे अमुक साल’ असं कोष्टक लावू नका. नाणं एकदाच पडतं, दागिना मात्र वेगवेगळ्या वयाची नाणी आणि मोडी एकत्र वितळवून घडतो, आणि एकाच टोपीचा पत्रा, तार आणि कड वेगवेगळ्या ओतांतून येऊ शकतात. म्हणून तक्ता करताना वस्तूला एक ओळ देऊ नका, भागाला द्या: पत्रा पुढून, पत्रा मागून, तार, कड, खान्याची भिंत, प्रत्येकासमोर पृष्ठभाग, गाभा, मोजलेल्या जागांची संख्या आणि जागेचं छायाचित्र. तीन जागांहून कमी मोजलेल्या भागाचा आकडा कंसात टाका.